डोंगराच्या पोटचा मासा



विषय कळवल्यावर या व्याख्यानमालेच्या एका कार्यकर्त्यांचा मला फोन आला. ‘पत्रिकेवर मासा छापला तर काही मंडळी येणार नाहीत, आणि जी येतील ती भलत्याच अपेक्षेने येतील,’ अशी त्यांना काळजी होती. त्यातली दुसरी काळजी अगदीच खोटी नाही. आज मी माशाच्या चवीबद्दलही बोलणार आहे. चव बाजूला ठेवून या माशाची हकिगत सांगताच येत नाही. तो संपायला आला त्यात चवीचा थोडा हात होता, आणि तिथून परत आला तो, माझ्या मते, मुख्यतः चवीमुळेच.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते हाडाचे शिक्षक. प्रश्न उलटा करून विचारायची त्यांची खोड होती, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तीच खोड आज मी उसनी घेतो. माणसाने खाल्ले म्हणून मासे संपतात, हे आपल्याला ठाऊक आहे. माणसाला खायचाच नाही म्हणूनही एखादा मासा संपू शकतो का?

आधी जागा सांगतो. चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याची राजधानी कुन्मिंग, आणि शहराला खेटून दियानची नावाचे सरोवर. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरच्या जवळपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही पाचशे मीटर वर. या मुलखात चुनखडीचे डोंगर आहेत. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. त्यावर पडलेला पाऊस बराचसा उतारावरून धावत सुटतो. चुनखडीत तसे होत नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि दगड विरघळवत खाली उतरते. आधी भेग, मग नळी, मग भुयार, आणि लाखो वर्षांनी डोंगराच्या पोटातून नदी वाहू लागते. बाहेरून डोंगर कोरडा ठणठणीत दिसतो आणि पायथ्याशी एखाद्या बिळातून बारमाही पाणी येत राहते. दियानचीच्या काठाला असे अनेक झरे होते. आजही थोडे आहेत.

या झऱ्यांच्या पाण्यात आणि सरोवरात एक मासा राहतो. शास्त्रीय नाव ‘सायनोसायक्लोकायलस ग्राहमी’. कुन्मिंगचे लोक त्याला ‘जिनशियान यू’ म्हणतात, सोनेरी रेघेचा मासा. वीतभर लांबीचा, अंगावर काळपट ठिपके आणि कुशीवर पिवळी झाक. तो पोटासाठी सरोवरात हिंडतो, पण विणीच्या काळात झऱ्याच्या उलट दिशेने पोहत थेट भुयारात शिरतो आणि आतल्या खडी-गोट्यांत, अंधारात, अंडी घालतो. म्हणजे हा अर्धवेळ गुहावासी. डोळे शाबूत, रंग शाबूत, पण माहेर काळोखातले.

या माशाची जुनी नोंद शू शियाके नावाच्या माणसाने केली आहे; हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाही. हा मिंग काळातला चिनी प्रवासी. १५८७ साली जन्मला, १६४१ साली वारला, आणि मधली तीसेक वर्षे पायी डोंगर आणि गुहा पालथ्या घालत फिरला. सरकारी चाकरी नाही, व्यापार नाही, देवदर्शनाचा नवस नाही. नुसता पाहण्यासाठी हिंडणारा माणूस. चुनखडीच्या भूगोलाचा अभ्यास करणारे आजचे लोक त्याला आपला पूर्वज मानतात. १६३८ साली तो युन्नानात पोचला आणि दियानचीच्या पश्चिमेकडच्या डोंगराखाली त्याने असाच एक झरा पाहिला. त्याच्या नोंदीत चार गोष्टी सापडतात. पाणी डोंगराचे पोट फोडून तीन तोंडांनी बाहेर येते. तोंडे एवढी लहान की माणूस आत जाऊ शकत नाही. सरोवरातले बारके मासे प्रवाहाविरुद्ध पोहत त्या तोंडांतून आत जातात. आणि मासा चार चिनी इंचांहून मोठा होत नाही, चरबीने मऊ असतो, अंगावर सोन्याची रेघ असते आणि तो या सरोवराचा खास मेवा समजला जातो.

यात मला विशेष वाटते ते असे की विज्ञानाला ज्या दोन बाबी पुढे महत्त्वाच्या ठरल्या, त्या दोन्ही इथे आहेत: मासा सरोवरातून गुहेत जातो, आणि तो चविष्ट आहे. युरोपीय शास्त्रज्ञांपर्यंत हा मासा पोचायला त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षे गेली. जॉन ग्राहम नावाच्या मिशनऱ्याने युन्नानातून पाठवलेले नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आले आणि १९०४ साली चार्ल्स टेट रेगन यांनी त्याचे वर्णन छापले. पाठवणाऱ्याचे नाव माशाला चिकटले. बाटलीतल्या स्पिरिटमध्ये सोनेरी झाकही राहत नाही आणि चवही. नाव मात्र राहते. १९३६ साली चिनी मत्स्यशास्त्रज्ञ फांग यांनी या गटाची स्वतंत्र प्रजाती उभी केली.

गुहेत शिरणारा मासा पकडणे सोपे असते. त्याला कुठून जायचे आहे हे ठरलेले असते आणि ती वाट हातभर रुंद असते. काठच्या लोकांनी ती वाट अर्थातच ओळखली. याच प्रांतातल्या फूशियान सरोवराच्या काठी तर एका वेगळ्या माशासाठी, कांगलांग नावाच्या, लोकांनी पुढची पायरी गाठली. काठावर दगडी पाट बांधायचे, झऱ्याचे पाणी त्यातून सरोवराकडे सोडायचे, ते कमी पडले तर पायाने चालवायच्या रहाटाने पाणी खेळवायचे, आणि वाहत्या पाण्याच्या ओढीने वर येणारा मासा बांबूच्या पिंजऱ्यात घ्यायचा. ही झाली भुयाराची नक्कल. मासा समजतो आपण डोंगरात चाललो आहोत, आणि जातो टोपलीत. क्रूर म्हणायचे तर म्हणा. पण या पद्धतीने शतकानुशतके मासा संपला नव्हता. कारण पाट मोजके, हंगाम मोजका, आणि सरोवर स्वच्छ.

युन्नानात चार मासे नावाजलेले: दियानचीचा सोनेरी रेघेचा, फूशियानचा कांगलांग, अरहायचा धनुष्यमासा आणि जिआंगच्वानचा मोठ्या डोक्याचा. आपल्याकडे सुरमई, पापलेट, रावस यांची नावे घेताना जो स्वर लागतो, तोच तिथे या चौघांसाठी लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चौघेही अडचणीत आले.

दियानचीत काय घडले ते थोडक्यात सांगतो, कारण हे चित्र कुठल्याही नदीकाठच्या माणसाला नवे नाही. १९५८ पासून सरोवरात बाहेरचे मासे सोडले गेले: गवत्या, चंदेरा आणि त्यांचे भाऊबंद. उत्पादन वाढावे हा हेतू. त्यांच्या बीजाबरोबर न बोलावलेले बारके मासेही आले आणि त्यांनी स्थानिकांची अंडी खाल्ली. १९७० मध्ये ‘सरोवर बुजवून शेती’ अशी मोहीम निघाली. हजारो माणसे लावून काठचा उथळ, गवताळ भाग मातीने भरला. मासे वाढतात तो नेमका तोच भाग असतो. मग शहर फुगले आणि सांडपाणी सरोवरात येऊ लागले. पाण्यावर जलपर्णी पसरली, पुढे हिरवे शेवाळ चढले. पुण्याच्या मुळा-मुठेचा काठ ज्यांनी पाहिला आहे त्यांच्यापुढे याहून जास्त वर्णन करायची गरज नाही. आणि शेवटी झऱ्यांच्या तोंडांशी बांध घातले, पंप बसवले. माशाची माहेरची वाटच बंद झाली. १९८० च्या दशकात मूळ सरोवरातून हा मासा दिसेनासा झाला. १९८९ मध्ये चीनच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत त्याला दुसऱ्या श्रेणीचे स्थान मिळाले. सरोवरात संरक्षण करायला तोवर काहीच उरले नव्हते. कायद्याची ही वेळ साधण्याची हातोटी जगभर सारखीच दिसते.

मासा उरला कुठे? सरोवराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या थोड्या झऱ्यांच्या डोहांत. या डोहांना तिथे ‘लोंगतान’ म्हणतात. चिनी समजुतीत पावसाचा आणि पाण्याचा मालक ड्रॅगन राजा. जिथे जमिनीतून जिवंत पाणी वर येते तिथे त्याचे ठाणे. म्हणून अशा अनेक डोहांशेजारी त्याचे देऊळ असते. कुन्मिंगजवळचा काळ्या ड्रॅगनचा डोह यांत सर्वांत प्रसिद्ध, काठावर जुने ताओपंथी मंदिर आहे. गावाने प्यायचे पाणीही अशाच डोहातून घ्यायचे. देवाचा धाक आणि हंड्याची गरज अशा दोन्ही बाजूंनी त्या पाण्यावर लोकांची नजर राहिली, आणि त्या नजरेखाली थोडा मासा तग धरून राहिला. तो मुद्दाम जपला होता, असे मी म्हणणार नाही. पाणी जपले, मासा आपोआप जपला गेला.

आपल्याकडे हे सगळे आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे; वरदायिनी देवीच्या नावाने तिथला डोह राखलेला, आणि त्यात महासीर मासे निर्धास्त फिरतात. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे गावच्या शंकराच्या देवळापाशीही तसेच. देवाचा मासा खायचा नाही, एवढा एकच नियम. त्याला परिपत्रक लागत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कुन्मिंगमध्ये चिनी विज्ञान अकादमीची प्राणिशास्त्र संस्था आहे. तिथल्या यांग जुनशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोहांतले उरलेसुरले मासे आणून ते प्रयोगशाळेत वाढवायचा घाट घातला. भुयारी झऱ्याचा मासा म्हणजे एकाच थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याची सवय लागलेला जीव. तापमान वर्षभर जवळजवळ तेच, ऊन नाही, गजबज नाही. असा मासा टाकीत आणला की आधी जगवायचा, मग माजावर आणायचा, मग अंडी काढून फळवायची, मग त्या पिलांना काय भरवायचे ते शोधायचे. २००७ मध्ये त्यांना यश आले. त्यानंतरच्या वर्षांत दियानचीत बोटुकली सोडणे सुरू झाले आणि पिढ्यामागून पिढ्या निवड करून लवकर वाढणारा एक वाणही तयार झाला. ‘बा-यू क्रमांक १’ या नावाने २०१८ मध्ये त्याला राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. शेतकरी तो पाळू लागले आणि कुन्मिंगच्या हॉटेलांत जिनशियान यू पुन्हा मिळू लागला. २०२१ च्या नव्या यादीत या प्रजातीचे सगळेच मासे दुसऱ्या श्रेणीत आले, पण केवळ रानातले; टाकीत वाढलेला मासा ताटात आला तर गुन्हा नाही. त्याच वर्षी कुन्मिंगला जैवविविधतेची जागतिक परिषद भरली आणि हा मासा शहराचा जणू पाहुणचाराचा चेहरा झाला.

ही हकिगत सहसा विज्ञानाचा विजय म्हणून सांगितली जाते. आहेच तो. पण मला त्यात दुसरे काही दिसते. युन्नानच्या सरोवरांतले कितीतरी स्थानिक मासे त्याच काळात गेले किंवा जायला आले. प्रयोगशाळा, पैसा, वर्षानुवर्षांची चिकाटी वाट्याला आली ती प्रामुख्याने कुणाच्या? ज्यांची चव लोकांच्या आठवणीत होती त्यांच्या. आजी नातवाला सांगायची की आमच्या लहानपणी असा मासा मिळायचा. त्या सांगण्यातून बाजार उभा राहू शकतो, बाजारातून अनुदान, अनुदानातून टाकी. नावाजलेल्या चौघांपैकी इतरांच्या प्रजननाचेही प्रयत्न झाले, ते याच वाटेने. चव ही माशाची वकील झाली.

याला उलट पुरावाही सांगायला हवा, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. युन्नानातच यीलोंग नावाचे सरोवर आहे. त्यात एक खास कार्प होता, खाल्ला जाणारा. सिंचनासाठी इतके पाणी काढले की १९८१ मध्ये सरोवर वीसेक दिवस पूर्ण कोरडे पडले. तो कार्प पुन्हा कधी कुणाला दिसला नाही. त्याला वकील होता. कोर्टच जागेवर नव्हते. चव पैसा आणू शकते, पाणी आणू शकत नाही.

आता जिनशियान यूच्या भावंडांकडे वळू. सोनेरी रेघेच्या या प्रजातीत आज ७० हून अधिक जाती ओळखल्या गेल्या आहेत, सगळ्या चीनच्या चुनखडीच्या मुलखातल्या: युन्नान, ग्वेइचौ, ग्वांगशी. एकाच कुळात इतक्या तऱ्हा मी दुसऱ्या कुठल्या माशात पाहिलेल्या नाहीत. काहींना आपला ग्राहमी आहे तसे धड डोळे. काहींचे डोळे बारीक ठिपक्याएवढे. काहींना डोळेच नाहीत, अंग गुलाबी पांढरे, आरपार दिसावे असे. काहींच्या पाठीवर उंट शोभेल असे वशिंड, आणि काहींच्या डोक्यावर पुढे झुकलेले चक्क शिंग. ते शिंग कशासाठी यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अंधारात डोके आपटू नये म्हणून असेल, असे एक मत आहे. घरात वीज गेल्यावर चौकटीला कपाळ आपटलेल्या माणसाला ते पटेल.

२०१६ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी यांतल्या तिघांचे जनुकसंच वाचले. एक सरोवरातला, आपला ग्राहमी. एक गुहेच्या तोंडाशी ये-जा करणारा, शिंगवाला. एक कायमचा अंधारातला. तिघे शेजारी ठेवल्यावर डोळा, रंग आणि उजेडाशी जुळलेले शरीराचे घड्याळ यांच्याशी निगडित जनुके अंधाराच्या दिशेने कशी ढिली पडत गेली ते वाचता येते. इथे एक गैरसमज काढून टाकतो. डोळा ‘न वापरल्यामुळे’ जातो असे आपण सहज म्हणतो. तसे नाही. डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग पोसायला फार अन्न लागते. उजेडात आंधळ्या पिलाची शिकार होते, म्हणून तो बिघाड पुढच्या पिढीत जात नाही. अंधारात त्या बिघाडाची शिक्षा नसते, उलट पोटाची बचत होते. आणि भुयारात पोटाचाच प्रश्न असतो. तिथे हिरवे पान उगवत नाही. पुरात वाहून आलेला पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा, चुकून आत आलेला एखादा किडा यांवरच सगळा संसार. म्हणून हे मासे सावकाश जगतात, सावकाश वाढतात, आणि एकदा कमी झाले की भरून यायला माणसाची पिढी जाते.

कुन्मिंगपासून फार दूर नाही, यीलियांग तालुक्यात जिऊशियांगच्या गुहा आहेत. आज तिथे तिकीट काढून जाता येते, रंगीत दिवे आहेत, गर्दी आहे. याच गुहांच्या पाण्यातून १९८८ मध्ये पूर्ण डोळेहीन अशी एक जात नोंदली गेली, सोनेरी रेघेच्या माशाची सख्खी चुलत. ग्राहमीसाठी वाण, टाक्या, परिषदा. या चुलत भावाची आठवण कोण काढणार? आसपासच्या खेड्यांत गुहांतले मासे हाती लागले तर खाल्ले जात आले आहेत, पण तो गरिबाचा घास. हॉटेलच्या यादीत त्याचे नाव नाही.

याच ठिकाणी मला आपल्या देशात यायचे आहे. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत चुनखडी आहे आणि भारतातल्या सर्वांत लांब गुहा आहेत. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. १९९० च्या दशकापासून तिथे स्थानिक आणि परदेशी गुहाशोधक दर वर्षी कोरड्या हंगामात उतरतात आणि नकाशे काढतात. २०१९ मध्ये क्रेम उम लादाव नावाच्या गुहेत, दोर लावून सरळ खाली उतरल्यावर लागणाऱ्या पाण्यात, त्यांना पांढरे मासे दिसले. गुहेतला मासा म्हणजे जगभरात साधारण बोटाएवढा. हे मासे हातभर लांब. चाळीस सेंटिमीटरहून मोठे! आजवर माहीत असलेल्या कुठल्याही गुहावासी माशापेक्षा किती तरी पटींनी जड. प्रथम वाटले की हे सोनेरी महासीरचे नातेवाईक असावेत. पुढे शरीरमोजणी आणि जनुकतपासणी झाली आणि २०२३ मध्ये ती नवी जात असल्याचे जाहीर झाले: ‘निओलिसोकायलस प्नार’. प्नार हे त्या टेकड्यांतल्या लोकांचे नाव. शोधनिबंधाचे पहिले लेखक नीलेश दहाणूकर. पुण्याच्या आयसरमध्ये त्यांनी बरीच वर्षे काम केले आहे. सह्याद्रीतल्या माशांवर ज्यांनी हात बसवला त्यांनीच मेघालयातल्या या माशाला नाव दिले.

या माशाचे बाहेरचे चुलत, महासीर आणि त्यांचा गोतावळा, ईशान्येत आवडीने खाल्ले जातात. म्हणजे प्नार हाही खाण्याजोगा असणार. पण दोरावर लटकून खाली उतरून त्याची आमटी करायला कुणी जाणार नाही. त्याला धोका ताटाचा नाहीच. त्याच्या डोक्यावरचा दगड सिमेंटच्या कामाचा आहे आणि शेजारच्या टेकड्यांत कोळसा आहे. उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांतून कोळसा काढण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली. तरी डिसेंबर २०१८ मध्ये पूर्व जैंतियातल्या अशाच एका खाणीत पाणी घुसले आणि १५ मजूर अडकले, ते आपण वाचले आहे. त्याच जिल्ह्यातली लुखा नदी हिवाळ्यात निळीशार होते. पर्यटक फोटो काढतात, आणि पाण्यात मासा नसतो. वरचे पाणी आम्ल झाले तर खालच्या अंधारात जे घडेल त्याचा फोटोही निघणार नाही.

चवीखेरीज दुसरा वकील असतो तो गळाचा. आपला दख्खनी महासीर गळ टाकणाऱ्यांचा लाडका. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे प्रजनन झाले, बोटुकली देशभर गेली, आणि या जातीचे जागतिक यादीतले संकट निवळले. ते मोठे काम होते. पण तीच बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महासीर होता, जगातला सर्वांत मोठा. पाहुणा वाढला, घरचा घटत गेला. २०१८ पर्यंत गळवाल्यांच्या त्या प्रसिद्ध माशाला शास्त्रीय नावसुद्धा नीट जोडलेले नव्हते. जोडले आणि लगेच तो अतिसंकटग्रस्त ठरला. दियानचीतही हा धोका आहेच. लवकर वाढावा म्हणून निवडलेला वाण शेततळ्यात ठीक. तो सरोवरात सोडायचा मोह जे आवरतील त्यांना मी शास्त्रज्ञ म्हणेन.

आता घराजवळ येतो. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशांतून एक बोटभर लांबीचा, मिशावाला लोच वर्णन केला. आज त्याचे नाव ‘इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी’. नदीच्या दगडगोट्यांत राहणारा, नगण्य वाटावा असा मासा. पुढे बस्तरमधल्या कोटुमसरच्या चुनखडी गुहेत, जिथे पर्यटक दिवे घेऊन उतरतात, तिथल्या डबक्यांत याच जातीचे म्हणून ओळखलेले मासे सापडले. डोळे लहान, रंग उडत चाललेला. पुण्याचा पत्ता असलेला मासा बस्तरच्या अंधारात आंधळा व्हायच्या वाटेवर आहे. वाट अर्धी झाली आहे, आणि आपण ती चालू असताना पाहू शकतो. गुहेतल्या नाट्याचा हा अंक मला शिंगवाल्या माशापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण इथे अजून काही ठरलेले नाही.

आणि आंबोली. हिरण्यकेशी नदी जिथे उगम पावते तिथे डोंगरातल्या गुहेतून पाणी येते, समोर महादेवाचे देऊळ, देवळासमोर कुंड. कुन्मिंगचा ड्रॅगन डोह आणि हे कुंड यांची ओळख करून दिली तर त्यांना एकमेकांची भाषा समजेल. त्या पाण्यातून २०२० मध्ये तेजस ठाकरे आणि जयसिंहन प्रवीणराज यांच्या गटाने एक नवा लोच नोंदवला, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. लांबी करंगळीहून कमी. याला कुणी खाणार नाही, गळाला लावणार नाही. तरी राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. चव नसलेल्या माशाला सरकारदरबारी जागा मिळाली, हे आपल्याकडे पहिल्यांदा घडले असावे, आणि त्याबद्दल मनापासून अभिनंदन करायला हवे.

वारसास्थळाचे क्षेत्र मात्र २.११ हेक्टर आहे. कुंड, देऊळ, थोडा काठ. गुहेतून येणारे पाणी या दोन हेक्टरांवर पडलेले नाही. ते वरच्या जांभ्याच्या सड्यावर पडते. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात मुरलेले पाणी मार्च-एप्रिलपर्यंत सावकाश झिरपत राहते. सड्यावर बंगल्यांच्या पाट्या आल्या, बोअर खोदल्या, रस्ता रुंद करताना पाणी दुसऱ्या उताराला वळवले, तर कुंडाच्या कुंपणाला हात न लावताही कुंड आटेल. दियानचीच्या झऱ्यांवर घाव तोंडाशी बसला; इथे तो पाठीमागून बसेल.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे, आणि ती सरकारइतकीच आंबोलीच्या ग्रामस्थांकडे आणि आज इथे बसलेल्या तरुण मंडळींकडे आहे. गुहेतून पाणी जिथे बाहेर पडते तिथे महिन्यातून एकदा प्रवाह मोजायचा. त्याला यंत्र लागत नाही. ठरावीक मापाची बादली आणि मनगटावरचे घड्याळ पुरते. पाण्याचे तापमान साध्या थर्मामीटरने घ्यायचे. आकडे एका वहीत लिहायचे आणि ती वही देवळात किंवा ग्रामपंचायतीत, कुणालाही पाहता येईल अशी ठेवायची. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की सड्यावरच्या कुठल्या कामाने मे महिन्यातले पाणी किती घटले हे वादात न पडता दाखवता येईल, आणि वारसास्थळाची हद्द वर, सड्यापर्यंत, वाढवून मागताना हातात काही असेल. पहिली मोजणी येत्या पावसाळ्याआधी व्हावी, कारण तुलना करायला सर्वांत कोरडा महिना लागतो.